मिलिटरीचे समर कॅम्प आणि एनडीएचा प्रवेश

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, अर्जात उन्हाळी शिबिराचे नाव लिहिण्यासाठी रकाना नाही. लेखी परीक्षेत त्याला गुण नाहीत, अंतिम गुणवत्ता यादीत त्याचा विचार होत नाही, आणि तुमच्या मुलाने सातवीच्या सुट्टीत लष्करी रंगाची पँट घालून दोरावर चढण्याचा सराव केला होता, याच्याशी संघ लोकसेवा आयोगाला काहीही कर्तव्य नाही. हे इतके उघड लिहावे लागते, कारण मार्च महिना सरत आला की मला येणाऱ्या फोनपैकी बरेच फोन एकाच प्रश्नाचे असतात: "सर, मुलाला मिलिटरीत पाठवायचे आहे, कोणत्या समर कॅम्पला घालू?" मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवतो. माझ्या वर्गातून काही मुले एनडीएत, खडकवासल्याला गेली, त्याहून कितीतरी अधिक मुले त्या वाटेवर निघून मध्येच दुसरीकडे वळली, आणि या सगळ्यांच्या सुट्ट्या कशा गेल्या हे मी जवळून पाहिले आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की प्रवेशाच्या दृष्टीने सुट्टी अत्यंत मोलाची आहे, शिबिर मात्र त्या सुट्टीचा एक लहानसा आणि बऱ्याचदा टाळता येण्याजोगा भाग आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न इतक्या वेळा का विचारला जातो, हे समजण्यासारखे आहे. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण देणारे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर आहे, ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई विमाने बांधली गेली, आणि गांधीनगरच्या धावपट्टीवरून सैन्याचे वैमानिक हेलिकॉप्टर चालवायला शिकतात. उपनगर किंवा गांधीनगर भागातल्या शिक्षकाला, डोक्यावरून चेतक हेलिकॉप्टर जात असताना, वाक्य अर्ध्यावर थांबवून ते पुढे सरकण्याची वाट पाहावी लागते. त्यातच डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेली भोसला मिलिटरी स्कूल शहराच्या अगदी मध्यवस्तीत आहे. लष्करी शिस्तीची शाळा म्हणजे काय, हे येथील दोन-तीन पिढ्यांनी रस्त्यावरून जाता-येता पाहिले आहे. अशा शहरात मुलाला गणवेशाचे आकर्षण वाटले नाही तरच नवल, आणि त्या आकर्षणाभोवती उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांच्या शिबिरांचा बाजार भरावा, हेही ओघानेच आले.

मात्र 'शिबिर केले म्हणजे अकादमीचे दार थोडे उघडले' ही समजूत कोठून आली, याचा विचार करताना मला अमेरिकेतील पद्धत आठवते. माझा मावसभाऊ तिकडे स्थायिक आहे आणि त्याच्या मुलीने अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीचे समर सेमिनार केले होते. तेथे खुद्द अकादमीच शाळेचे शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात निवडक विद्यार्थ्यांना आठवडाभरासाठी बोलावते. मुले अकादमीच्या वसतिगृहातच राहतात, तेथे शिकणारे छात्रच त्यांना हाताळतात, सकाळी व्यायाम करून घेतात आणि दिवसा वर्गात बसवतात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचाही असाच उन्हाळी कार्यक्रम असतो. या कार्यक्रमांना निवड होणे हीच एक छोटी स्पर्धा असते, आणि त्यातून विद्यार्थ्याला अकादमीची आणि अकादमीला विद्यार्थ्याची ओळख होते. तरीही तेथे जाऊन आलेल्याला प्रवेशाची हमी नसते. पुढे आपल्या भागातील लोकप्रतिनिधीचे किंवा सिनेटरचे नामनिर्देशन मिळवावे लागते, शैक्षणिक गुण दाखवावे लागतात, शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी पार करावी लागते. माझ्या पुतणीला त्या आठवड्याचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो म्हणजे पहाटे उठून दिवसभर कोणाच्या तरी आज्ञेत राहणे आपल्याला मानवत नाही, हे तिला वेळेवर समजले. तिने पुढे अर्ज केला नाही आणि घरात कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही.

आपल्याकडील व्यवस्था मुळातच वेगळी आहे. एनडीए प्रवेशासाठी असे कोणतेही उन्हाळी शिबिर घेत नाही. कोणाच्या शिफारशीचीही गरज नसते. वर्षातून दोनदा संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा होते, साधारणपणे एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. तिचे गुण ९००. त्यानंतर सेवा निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एसएसबी. तिचेही गुण ९००. या १८०० गुणांवर आणि वैद्यकीय पात्रतेवर सगळे ठरते. एका परीक्षेतून तिन्ही दले मिळून सुमारे ४०० जागा भरल्या जातात, तर अर्ज लाखांच्या घरात येतात. खासगी शिबिराच्या जाहिरातीत 'एनडीएच्या दिशेने पहिले पाऊल' असे छापलेले असते, तेव्हा त्या वाक्यामागे अकादमीचा काडीचाही संबंध नसतो, एवढे पालकांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.

मग शिबिराला पाठवूच नये का? तसे मी म्हणत नाही. पाचवी ते आठवीतल्या मुलाला घराबाहेर राहणे, स्वतःचे ताट स्वतः धुणे, पहाटे साडेपाचला उठून अंथरुणाची घडी घालणे, नेमबाजीच्या एअर रायफलला प्रथमच हात लावणे, घोड्यावर बसणे यांचा आनंद मिळतो आणि थोडा धीटपणाही येतो. एवढ्यासाठी शिबिर चांगलेच आहे. पाहायचे ते इतकेच की शिकवणारे कोण आहेत, मे महिन्याच्या उन्हात मुलांना किती वाजेपर्यंत मैदानावर ठेवतात, पिण्याच्या पाण्याची आणि प्रथमोपचाराची सोय काय आहे आणि अडथळ्यांवर चढताना खाली कोणी उभे असते की नाही. एका शिबिराच्या समारोपाला मी गेलो होतो. दुपारी बाराच्या सुमारास पालकांसाठी मांडव होता आणि मुले उघड्यावर रांगेत होती. प्रमुख पाहुण्यांची भाषणे चालूच होती आणि पुढच्या रांगेतील एक लहान मुलगी 'विश्राम'च्या स्थितीतच हळूहळू डुलू लागली होती. तिच्या मागच्या मुलाने परवानगी वगैरे न मागता तिला खांद्याला धरून सावलीत नेले. निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून त्याला रांगेत परत येण्यास सांगितले, तो आला नाही. त्या दिवशी प्रमाणपत्रे सर्वांनाच मिळाली. माझ्या दृष्टीने अधिकारी होण्याची थोडीफार चिन्हे दिसली ती त्या एका मुलात, आणि ती त्याला शिबिराने शिकवलेली नव्हती.

वयाचा विचार केल्याशिवाय सुट्टीचा विचार करता येत नाही, कारण लष्करी शिक्षणाच्या वेगवेगळ्या वाटा वेगवेगळ्या इयत्तांना फुटतात. सैनिक शाळांची प्रवेश परीक्षा सहावी आणि नववी या दोनच इयत्तांसाठी असते. सहावीसाठी ती मराठीतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच द्यावी लागते, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या पालकांना अनेकदा फार उशिरा कळते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मधली, देशातील पहिल्या सैनिक शाळांपैकी, आणि चंद्रपूरची अलीकडची. ज्याचे मूल चौथी संपवून पाचवीत जात आहे, त्याने सुट्टीत अपूर्णांक, टक्केवारी आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न रोज तासभर करून घेतले, तर ते शिबिराच्या फीपेक्षा कितीतरी अधिक फळ देईल, कारण सहावीच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे आहेत. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची, म्हणजे आरआयएमसीची, वाट आठवीच्या प्रवेशाची आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, राज्याच्या वाट्याला जागा अगदी मोजक्या येतात, आणि २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो. या वाटेविषयी अधिक लिहीत नाही, कारण तिच्यासाठी मुलाचे इंग्रजी आधीपासूनच चांगले असावे लागते आणि ते एका सुट्टीत होत नाही.

महाराष्ट्रातील मुलांसाठी खरी महत्त्वाची, आणि तरीही आश्चर्य वाटावे इतकी दुर्लक्षित, वाट दहावीनंतरची आहे. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून चालू आहे. तिला सगळे एसपीआय म्हणतात. दहावीच्या वर्षातच तिचा अर्ज भरायचा, लेखी परीक्षा आणि मुलाखत द्यायची आणि निवड झाल्यास अकरावी-बारावीची दोन वर्षे तेथे राहून कॉलेजसोबत एनडीएची तयारी करायची, अशी ही योजना आहे. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून आपल्या नाशिकमध्ये सुरू झाली आहे. नाशिकमध्येच राहणाऱ्या कित्येक मुलींना ती ठाऊक नाही, हे मला दरवर्षी वर्गात विचारल्यावर नव्याने कळते. ज्या मुलीला गणवेश हवा आहे, तिच्या वडिलांनी मे महिन्यातील शिबिरांची माहितीपत्रके गोळा करण्याऐवजी हिवाळ्यातच या संस्थेची जाहिरात कधी निघते याकडे लक्ष ठेवावे. मुलींच्या बाबतीत काळ खरोखरच बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएची परीक्षा त्यांना खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी तिच्यातील १७ जणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या.

दहावीनंतरची सुट्टी ही शालेय आयुष्यातील सर्वांत लांब सुट्टी. मार्चमध्ये परीक्षा संपते आणि अकरावीचे वर्ग रखडत रखडत सुरू होतात, त्यामुळे हातात तीन-चार महिने राहतात. ज्याला एनडीए हवी आहे, त्याने हे महिने गणितासाठी राखून ठेवावेत, असे मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे म्हणतो असे नाही (थोडेफार असेलही). एनडीएच्या लेखी परीक्षेतील गणिताचा पेपर ३०० गुणांचा असतो: अडीच तासांत १२० प्रश्न, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा मिनिट. राज्य मंडळाच्या बारावीत उत्तम गुण मिळवणारी मुलेही येथे अडखळतात. त्यांना विषय येत नाही असे नसते. प्रत्येक उदाहरण पायऱ्या लिहून सोडवण्याची त्यांना सवय असते आणि येथे पायऱ्यांना कोणी विचारत नाही. त्रिकोणमिती, सारणिक आणि आव्यूह, सदिश, संभाव्यता, कलन या प्रकरणांची निदान तोंडओळख सुट्टीत झाली, तर अकरावीचे वर्ष हलके जाते आणि बारावीत वेग वाढवण्यास वेळ मिळतो.

चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापले जातात. यावरून मुले घाबरतात आणि शंका आली की प्रश्न सोडून देतात. मी त्यांच्याकडून फळ्यावर एक छोटे गणित करून घेतो. गणिताच्या पेपरात बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला पाऊण गुणाहून किंचित अधिक वजा, आणि पर्याय चार. काहीही माहीत नसताना डोळे झाकून खूण केली, तर सरासरी फायदा बरोबर शून्य येतो. परंतु चारांपैकी एक पर्याय निश्चितपणे चुकीचा आहे एवढे जरी ठरवता आले, तरी उरलेल्या तिघांतून निवडण्यात सरासरीने फायदाच होतो. संभाव्यतेचे प्रकरण मुलांच्या डोक्यात खऱ्या अर्थाने उतरते ते या उदाहरणानंतर. गेल्या काही वर्षांत लेखी परीक्षेची कट ऑफ ९०० पैकी साधारण २९० ते ३६० या दरम्यान राहिली आहे, आणि प्रत्येक पेपरात किमान गुणांचीही अट असते. म्हणजे सगळे येण्याची गरज नाही. जे येते ते अचूक यावे लागते, आणि एक पेपर पूर्णपणे वाऱ्यावर सोडून दुसऱ्यावर तरता येत नाही.

दुसरा पेपर ६०० गुणांचा, सामान्य क्षमतेचा. त्यातील २०० गुण इंग्रजीचे आणि उरलेले ४०० भौतिक आणि रसायनशास्त्र, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी यांचे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते, मराठीत नसते. निफाड, दिंडोरी किंवा सटाण्याहून येणाऱ्या मुलांना विज्ञान उत्तम येते, परंतु 'अपवर्तनांक' हा शब्द पाठ असलेल्या मुलासमोर त्याचे इंग्रजी नाव आले की तो बिचकतो. यासाठी सुट्टीत एनसीईआरटीची नववी-दहावीची पुस्तके इंग्रजीतून वाचावीत आणि दररोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचावे. हा उपाय अगदी जुना आणि कंटाळवाणा आहे, पण मला दुसरा ठाऊक नाही.

शरीराच्या तयारीसाठी तरी शिबिर लागेल, असे पालक म्हणतात. प्रबोधिनीत दाखल होण्यापूर्वी उमेदवाराची शारीरिक तयारी किती असावी, हे परीक्षेच्या अधिकृत जाहिरातीतच दिलेले असते: २.४ किलोमीटर अंतर १५ मिनिटांत धावणे, दोरीवरच्या उड्या, किमान २०-२० पुश-अप आणि सिट-अप, किमान ८ चिन-अप आणि तीन ते चार मीटर दोरावर चढणे. यातील धावण्यासाठी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचे मैदान पुरेसे आहे, दोरीवरच्या उड्यांसाठी गच्ची पुरेशी आहे आणि चिन-अपसाठी एखादा मजबूत बार. पहिल्या दिवशी बहुतेक मुलांना एकही चिन-अप निघत नाही. बाराला लोंबकळून राहतात, पाय हवेत मारतात आणि हसत खाली उडी टाकतात. त्यावर तोडगा असा की आधी केवळ लोंबकळून राहण्याचा वेळ वाढवावा, मग स्टुलावरून हनुवटी बाराच्या वर नेऊन शरीर अगदी सावकाश खाली सोडत जावे. मे महिन्यात हे सुरू करणाऱ्या मुलाला गणपतीपर्यंत चार-पाच चिन-अप जमू लागतात. दहा दिवसांच्या शिबिरात एवढा वेळच मिळत नाही. हात सोलवटतात आणि घरी आल्यावर सगळे थांबते. धावण्याच्या बाबतीत एवढेच सांगेन की सकाळी लवकर धावावे, आणि पांडवलेणीच्या पायऱ्या पहिल्याच आठवड्यात धावत चढून गुडघे दुखवून घेऊ नयेत.

आता एसएसबी. शिबिरांची सर्वाधिक जाहिरात हिच्याच नावाने चालते आणि माझा सर्वाधिक आक्षेपही येथेच आहे. निवड मंडळाची प्रक्रिया पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक धूसर चित्र पाहून गोष्ट लिहिण्याची व गटात चर्चा करण्याची चाचणी होते, आणि तीवरूनच बरेचसे उमेदवार त्याच दिवशी घरी परततात. जे राहतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात, त्यांतले शेवटचे चित्र कोरे असते. साठ शब्द प्रत्येकी पंधरा सेकंद दाखवले जातात आणि त्या वेळात वाक्य लिहायचे असते. साठ प्रसंगांवर आपण काय करू हे अर्ध्या तासात लिहायचे असते. पुढे दोन दिवस मैदानावरची गटकार्ये, आणि दरम्यान मुलाखत. शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसतात. हे सारे ज्या क्रमाने आणि ज्या घाईने होते त्यामागे हेतू हाच की उमेदवाराला ठरवून लिहिण्यास वेळ मिळू नये आणि त्याचे तीन वेगवेगळ्या परीक्षकांना झालेले दर्शन एकमेकांशी जुळते का ते पाहता यावे.

आठवी-नववीतल्या मुलांना या चाचण्यांच्या ठरीव गोष्टी पाठ करायला लावणारी शिबिरे मी पाहिली आहेत. प्रत्येक गोष्टीतला नायक शेतकऱ्याला पुरातून वाचवतो, गावकऱ्यांची सभा भरवतो आणि शेवटी त्याला बक्षीस मिळते. वहीभर अशा गोष्टी लिहून झाल्या की मुलाला वाटते की तयारी झाली. पुढे खरोखरच निवड मंडळासमोर जाताना ती वही त्याच्या डोक्यातून निघता निघत नाही, आणि मुलाखतीत "तुम्ही स्वतः आजवर कोणते काम पुढाकार घेऊन केले?" असे विचारले की त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नसते.

याच्या उलट माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. हा मुलगा निफाड तालुक्यातला. बारावीच्या आधीच्या सुट्टीत वडिलांचा अपघात झाला आणि उन्हाळ कांदा काढण्यापासून चाळीत भरण्यापर्यंतचे सगळे काम त्याच्यावर आले. मजूर दुसऱ्या शेतावर जाऊ नयेत म्हणून त्यांच्याशी आधीच बोलणे, ट्रॅक्टर कोणत्या दिवशी मिळेल ते ठरवणे, अवकाळी पाऊस येईल असे दिसताच अर्धा भरलेला माल ताडपत्रीखाली घेणे, आणि रोजची मजुरी वहीत लिहून ठेवणे, हे त्याने निमूटपणे केले. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याने स्वतःविषयी भरून दिलेल्या माहितीपत्रकात शेतीचा उल्लेख पाहून विचारणा केली आणि, त्याने मला सांगितल्याप्रमाणे, त्यानंतरचा बराचसा वेळ कांद्यावरच बोलणे झाले: पाऊस आला तेव्हा आधी काय झाकले, तेच का झाकले, मजुरांनी ऐकले नाही तेव्हा काय केले. त्याचे इंग्रजी तुटक होते. मध्ये मध्ये हिंदी येत होती. त्याची शिफारस झाली. शेतीच केली पाहिजे असा याचा अर्थ मी घेत नाही. गणेशोत्सव मंडळाचा हिशेब सांभाळणारा, सोसायटीतल्या लहान मुलांची क्रिकेटची टीम चालवणारा, आजीच्या दवाखान्याच्या फेऱ्या एकट्याने करणारा मुलगाही तेवढेच सांगू शकतो. शिबिरात जाऊन आलेला मुलगाही सांगू शकतो, अट एवढीच की तेथे त्याने स्वतः काहीतरी केलेले असावे. माहितीपत्रकात शिबिराचा उल्लेख असेल तर त्यावर प्रश्न येतातच, आणि 'पहाटे उठायला शिकलो' एवढ्या उत्तराने तेथे भागत नाही.

एनसीसीचा विषय थोडा निराळा आहे. तिची वार्षिक प्रशिक्षण शिबिरेही अनेकदा सुट्टीत येतात, आणि मुले घरी सांगून तीच 'मिलिटरीचा कॅम्प' म्हणून करतात. एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्राचा उपयोग पदवीनंतरच्या वाटांसाठी होतो: चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीची एनसीसी विशेष प्रवेश योजना लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावते. बारावीनंतरच्या एनडीएला मात्र एनसीसीमुळे कोणतीही जागा राखीव मिळत नाही. तरीही मी मुलांना एनसीसी घ्यायला सांगतो. तेथील शिबिरात तंबू, स्वयंपाकाची पाळी, रात्रीचा पहारा हे सगळे प्रत्यक्ष करावे लागते आणि त्याचे शुल्क नाममात्र असते.

सुट्टीत उरकण्याजोगे आणखी एक काम आहे, ज्याकडे कोणीही वळत नाही, आणि ते म्हणजे वैद्यकीय तपासणी. एसएसबीतून शिफारस होऊनही वैद्यकीय तपासणीत मागे पडणारी मुले थोडीथोडकी नसतात. कानात साठलेला मळ, किडलेले दात, वाकडा नाकाचा पडदा, वाढलेले वजन, सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, रंग ओळखण्यातला दोष अशी कारणे असतात. यांतील काही गोष्टी सुट्टीत उपचार करून दुरुस्त होतात आणि काही होतच नाहीत. रंगांधत्व बारावीनंतर कळण्यापेक्षा आठवीत कळलेले बरे, कारण त्यामुळे कोणत्या शाखांची दारे बंद होतात हे तेव्हाच पाहता येते आणि मुलाची चार वर्षे एकाच आशेवर जात नाहीत. नेत्रतज्ज्ञाकडची ठिपक्यांच्या आकड्यांची तपासणी पाच मिनिटांची असते. दातांच्या डॉक्टरकडे जाणे तर कोणत्याही शिबिराच्या फीपेक्षा स्वस्त पडते.

अकरावी संपवून बारावीत गेलेल्यांनी मे महिन्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. सप्टेंबरच्या परीक्षेची जाहिरात साधारणतः मे महिन्यातच निघते आणि अर्जाची मुदत तीन आठवड्यांच्या आसपास असते. मुलगा त्या वेळी शिबिरात असतो, मोबाइल जमा केलेला असतो, आणि अर्जाची मुदत निघून जाते, असे माझ्या माहितीत घडले आहे. अर्जाचे शुल्क १०० रुपये आहे आणि मुलींना तेही नाही. वयाची अट अर्जासोबतच नीट तपासावी: प्रशिक्षण सुरू होताना उमेदवार साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या आत असावा लागतो, आणि जन्मतारखेच्या मर्यादा जाहिरातीत स्पष्ट दिलेल्या असतात. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, परंतु हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. वैमानिक व्हायचे आणि वाणिज्य शाखा घ्यायची, असे बेत आखणारी मुलेही मला भेटली आहेत.

लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर मात्र ज्या शिबिराला अवश्य जावे असे एक शिबिर आपल्या नाशिकमध्येच आहे आणि तेथे पैसे लागत नाहीत. नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एनडीएची किंवा पदवीधरांसाठीच्या सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन एसएसबीचे बोलावणे आलेल्या महाराष्ट्रातील उमेदवारांना तेथे सुमारे दहा दिवस राहण्या-जेवण्यासह मोफत तयारी करून घेतली जाते. गटकार्यांचा सराव मैदानावर होतो, मुलाखती घेऊन चुका दाखवल्या जातात, आणि विदर्भ-कोकणातून आलेल्या मुलांसोबत राहायला मिळते. प्रवेशासाठी आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत असते. तुकडीच्या तारखा तेथे विचाराव्यात आणि जाताना लेखी परीक्षेच्या निकालाची व एसएसबीच्या बोलावण्याची प्रत सोबत न्यावी.